चव्वेचाळीस नंबरचा कुर्ता

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या माडीवर दोघी बहिणी खणाचे कुर्ते शिवून विकायच्या. पाटी नाही, शोकेस नाही. सगळी विक्री ऑनलाइन. थोरली हिशेब, पार्सलं आणि गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायचं काम बघायची. धाकटी फोटो काढायची, रंग निवडायची आणि महिना-दीड महिन्यातून गुळेदगुड्डला जाऊन खणाचे तागे घेऊन यायची. शिवायला शेजारच्या दोघी जणी होत्या, आणि कापायला मास्तर. मास्तरांनी उभं आयुष्य बाजारपेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानात कात्री चालवली होती. डोळ्याला चष्मा लागला तसं त्यांनी ते दुकान सोडलं, पण हात स्वस्थ बसेनात म्हणून ते माडीवर यायला लागले.

खण हे कापड मोठं मानी आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या विणकरांनी ते विणलं ते चोळीसाठी. देवीच्या ओटीत नारळासोबत जातो तो खण म्हणजे एका चोळीपुरता तुकडा. माप त्याच्या नावातच आहे. पन्हा अरुंद. अशा कापडातून अंगभर कुर्ता काढायचा तर कटिंगच्या टेबलावर बराच वेळ डोकं लढवावं लागतं. छत्तीस-अडतीस नंबरला निभून जातं. चव्वेचाळीसला मात्र बाहीची रुंदी पन्ह्यात बसवताना कुठेतरी काटकसर होते, आणि ती नेमकी दंडावर होते.

धंदा चांगला चालला होता. दिवाळीला ऐंशी कुर्ते गेले. साइटवर कुर्त्याच्या फोटोखाली तारे दिसायचे, पाचपैकी ४.८. हा आकडा थोरलीचा जीव की प्राण होता. सकाळी चहाआधी ती तो बघून घ्यायची.

ताऱ्यांसोबत आलेला मजकूर आधी तिच्याकडे यायचा, तिने ‘दाखवा’ म्हटलं की मगच तो साइटवर दिसायचा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक तारा आला. खाली लिहिलं होतं, ‘रंग सुंदर, पण काखेत काचतो. हात वर करता येत नाही.’ थोरलीला झोंबलं. तिने तो मजकूर दाबून ठेवला, बाईंना पैसे परत केले, वर पुढच्या खरेदीवर दोनशे रुपयांची सूट दिली. वागण्यात खोट नव्हती. तिला मनापासून वाटलं की तक्रार मिटली.

पुढे आणखी दोन तशाच आल्या. त्याही मिटल्या.

धाकटीच्या कानावर मात्र ‘काखेत घट्ट’ एवढं आलं होतं. ती मास्तरांना म्हणाली, “मास्तर, पुढच्या लॉटला चव्वेचाळीसचा मुंढा अर्धा इंच खाली घ्या.”

“का?” मास्तरांनी विचारलं.

“जरा सैल होऊ दे.”

मास्तरांनी मान हलवली. मालकिणीचा शब्द, त्यांनी मुंढा खाली घेतला.

त्या लॉटमधला एक कुर्ता होता, गर्द जांभळा, काठाला हिरवी पट्टी. तो आधी नाशिकला गेला आणि आठ दिवसांत परत आला. परतीच्या फॉर्मवर कारणांची यादी असते, त्यातलं ‘साइज योग्य नाही’ निवडलेलं होतं. थोरलीने घडी तपासली, इस्त्री केली, नवी पिशवी घातली. तोच कुर्ता चिपळूणला गेला आणि तिथूनही परत आला. कारण तेच, शब्दही तेच. पुन्हा इस्त्री. कुरिअरचं जाणं-येणं धरून त्या एका कुर्त्यावरचा नफा केव्हाच संपला होता, पण थोरलीच्या वहीत ते ‘परतावा’ या रकान्यात जमा होत गेलं आणि रकाना कधी बोलत नाही.

तिसऱ्यांदा तो बेळगावला गेला. तिथून परत आला तेव्हा पाकीट जड लागलं. उघडलं तर दोन्ही काखांत चार-चार टाचण्या टोचलेल्या, पाठीवर पांढऱ्या खडूने ओढलेली एक आडवी रेघ, आणि वहीचं फाडलेलं पान.

‘सप्रेम नमस्कार. मी शाळेत शिकवते. दिवसभर फळ्यावर लिहावं लागतं. हात वर केला की हा कुर्ता आख्खा वर चढतो, आणि मुलांसमोर मला डाव्या हाताने तो खाली ओढत उभं राहावं लागतं. टाचण्या लावल्यात तिथे ओढ बसते. खडूची रेघ म्हणजे हात वर केल्यावर कंबर कुठे येते ते. दंडाचा घेर सोबत लिहिला आहे. पैसे परत नकोत. आमच्या अंगाच्या बायकांना तयार कपड्यात रंगसुद्धा निवडता येत नाही, जे अंगात जाईल ते घ्यावं लागतं. हा रंग मी निवडला आहे. कुर्ता दुरुस्त करून पाठवा.’

थोरलीने पत्र दोनदा वाचलं. इथे सूट देता येत नव्हती, पैसे परत करता येत नव्हते. मिटवायची तिची सगळी साधनं त्या एका ओळीने काढून घेतली होती. मग तिने आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. टाचण्या न काढता कुर्ता तसाच उचलला आणि पलीकडच्या खोलीत कटिंगच्या टेबलावर नेऊन पसरला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, काखेजवळ वाकले. टाचण्यांवरून बोट फिरवलं. खडूची रेघ पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“ही पहिलीच हाय?”

“नाही,” थोरली म्हणाली. “चौथी.”

“मग मला का दावलं न्हाई?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच थोरलीला मान वर करवेना.

“दुकानात ट्रायल असायची,” मास्तर म्हणाले. “गिऱ्हाईक आरशात बघायचं आन् मी त्याच्या काखंत बघायचो. हात वर करा म्हणायचो, खाली बसा म्हणायचो, वाकून चप्पल घाला म्हणायचो. मुंढा चुकलाय असं गिऱ्हाईक कधी सांगत न्हाई. ते म्हणतं, अवघडतंय. कुठं अवघडतंय ते आपण शोधायचं असतं. हितं आल्यापासनं मी आंधळ्यावानी कापतोय. मला वाटलं, ऑनलाइनला ट्रायल नसतीय.”

ती होती. नाशिकला झाली होती, चिपळूणला झाली होती, कुणाच्या तरी घरातल्या कपाटाच्या आरशासमोर. फक्त मास्तरांना तिथलं काही दिसत नव्हतं, आणि जे दिसू शकलं असतं ते थोरलीच्या फोनमध्ये दाबून ठेवलेलं होतं.

धाकटी आली. तिला वाटलं, मुंढा अजून खाली घ्यावा लागणार. मास्तरांनी तिला समोर उभं केलं, तिच्या दंडाभोवती टेप गुंडाळली आणि समजावलं. मुंढा जितका खाली, तितकी बाही कुर्त्याला खालून जोडलेली. मग हात उचलला की बाही आख्ख्या कुर्त्याला घेऊन वर जाते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात एकटा वर जातो. बायका ‘घट्ट’ म्हणत होत्या ते दंडावर, आणि मुंढा आधीच नंबरागणिक खाली सरकत सरकत चव्वेचाळीसला पार उतरला होता. वरून अर्धा इंच आणखी. तक्रार खरी होती, पण मास्तरांपर्यंत ती हुकूम होऊन पोचली, आणि हुकुमात दुखणं कुठं आहे ते लिहिलेलं नव्हतं.

मला या गोष्टीतली हीच जागा महत्त्वाची वाटते. दडपलेल्या शब्दाने नुकसान होतं हे आपण सगळेच जाणतो. अर्धवट पोचवलेल्या शब्दाने ते कितीतरी जास्त होतं.

मास्तरांनी उरलेल्या तुकड्यांतून जांभळ्या खणाचे तीन इंची दोन चौकोन कापले. काखेतली शिवण उसवली आणि चौकोन तिरपा, कोन वर करून बसवला. अरुंद पन्ह्याच्या कापडातून अंगरखे शिवणारे जुने कारागीर काखेत असाच तुकडा घालायचे; कापड कमी असलं तरी हाताला जागा मिळायची. पुढच्या लॉटसाठी त्यांनी मुंढा वर घेतला, दंड रुंद केला, आणि बाहीला जोड द्यायचं ठरवलं. “जोड दिसू दे,” म्हणाले. “लपवायला गेलं की आवळतंय.”

त्या रात्री थोरलीने दाबून ठेवलेले तिन्ही अभिप्राय उघडले. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचं मानक आणलं, नकोसे अभिप्राय दडवू नयेत अशी त्यात अपेक्षा आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ते ऐच्छिक होतं म्हणून तिने सोडून दिलं होतं. आता त्याची आठवणही न होता तिने एकेक मजकूर साइटवर जाऊ दिला आणि प्रत्येकाखाली लिहिलं: मुंढा चुकला होता, अमुक बदल केला, तुमचा कुर्ता पाठवा, दुरुस्त करून देतो. ४.८ चे ४.४ झाले. मग तिने मांडणी बदलून नंबरवार बघितलं. छत्तीस ते चाळीस, सगळे पाच. चव्वेचाळीसला एक, दोन, एक. इतके दिवस बारीक अंगाच्या बायकांची पसंती एवढीच तिला दिसत होती.

चिपळूणच्या बाईंनी उत्तर दिलं नाही. गेलेलं सगळंच परत येत नाही.

कुर्ता चौथ्यांदा निघाला, पुन्हा बेळगावला. दहा दिवसांनी फोन वाजला तेव्हा थोरली पार्सलांना चिकटपट्टी लावत होती. तिने मजकूर उघडला आणि पूर्ण वाचायच्या आधीच उठून आतल्या खोलीत गेली. शिलाई मशीन थांबवायला सांगून तिने तो मोठ्याने वाचला.

‘हात वर जातो. काल पूर्ण फळा भरून लिहिलं. आता एक खिसा द्या, खडू ठेवायला.’

मास्तरांनी कात्री खाली ठेवली, कानावरचा खडू काढला.

“विचार त्यांना,” ते म्हणाले, “लिहितात कुठल्या हातानं?”