तारखेसकट एक ओळ

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक कासवीण अंडी घालायला वाळूत आली. कोकणात या कासवांची घरटी जपणारी माणसं आहेत, त्यांना कासवमित्र म्हणतात. या कासविणीच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायात धातूची छोटी पट्टी होती आणि पट्टीवर आकडा होता, ०३२३३. तो टिपला गेला, कळवला गेला आणि जुन्या नोंदींत सापडला. मार्च २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर ही पट्टी लावली होती. म्हणजे पूर्वेचा समुद्र सोडून ती सुमारे ३५०० किलोमीटर पोहत आपल्या महाराष्ट्रात आली होती. तिनं घातलेल्या १२० अंड्यांतून १०७ पिल्लं बाहेर पडली. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती २०२१ मधली नोंदीची ओळ. ही कासवीण पुन्हा कुणाच्या नजरेला पडेल की नाही, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तरी आकडा, तारीख आणि ठिकाण नीट लिहून ठेवलेलं होतं.

आकाशाचं कामही असंच चालतं. जुन्नर तालुक्यात खोडदला ३० मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यावर काम करणारे शास्त्रज्ञ दूरच्या स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांच्या वेळा टिपत राहिले. त्या नोंदी आणि युरोपातल्या दुर्बिणींच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा २०२३ मध्ये विश्वभर सतत चाललेल्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे हाती आले. एका रात्रीच्या आकड्यांत यातलं काहीच दिसलं नसतं.

पण आपल्याला सगळ्यात जवळची गोष्ट डॉ. हिंमतराव बावस्कर यांची. ते आपल्या मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. त्या भागात लाल विंचू चावून माणसं दगावत, त्यात लेकरं फार. दवाखान्यात आलेल्या शंभरांतले चाळीसेक हाताला लागत नसत. मोठी यंत्रं नव्हती, नेमकं औषध कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टर रोग्याच्या खाटेशी बसून राहिले आणि दिसेल ते लिहीत गेले. घाम कधी फुटला. उलटी कधी झाली. हातपाय गार कधी पडले. नाडी किती, रक्तदाब किती, धाप कधी लागली. अशी पानं साचत गेली, तेव्हा उलगडलं की हे विष हृदयावर ताण आणतं आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. ही सुरुवातीची लक्षणं सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढं त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी या रोग्यांना द्यायला सुरुवात केली आणि मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आले. गोळी बाजारात आधीपासून होतीच. ती कोणाला आणि किती लवकर द्यायची, हे खाटेशेजारी लिहिलेल्या पानांनी सांगितलं. किती घरांतली लेकरं त्या पानांमुळे आज नांदती आहेत, याचा विचार आला की मन भरून येतं.

आपल्या सिरसाळा गावात आपणही लिहून ठेवणारीच माणसं आहोत. घरातल्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा असतो, सिलिंडर लावल्याची तारीख असते, गाय भरवल्याची तारीख असते. त्यात आणखी एखादी ओळ सहज मावते. पावसाचंच घ्या. जाहीर होतो तो महसूल मंडळाचा एकच आकडा, आणि एका शिवारात धो-धो तर नाल्यापलीकडं कोरडंठाक, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. सरळ उभ्या कडांचा एखादा डबा मोकळ्या जागी ठेवावा. सकाळी आठच्या सुमाराला आतलं पाणी शाळेच्या पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजावं आणि तारखेखाली लिहावं. दोन-चार पावसाळ्यांत आपल्या वावराचा आपला हिशोब हाती येतो आणि पेरणीची घाई करावी की थांबावं, हे ठरवताना उपयोगी पडतो. आई-वडिलांचा रक्तदाब, रात्री लेकराला चढलेला ताप, कोणती गोळी किती वाजता दिली, हेही असंच लिहावं. चहा उकळेपर्यंत होणारं हे काम आहे, आजही होईल. आणि कडबा किंवा गोवऱ्या काढताना कुणाला विंचू चावलाच, तर लगेच दवाखाना गाठा. फक्त निघता निघता घड्याळाकडं एकदा बघा. किती वाजता चावला आणि घाम कधी सुटला, एवढं नेमकं सांगता आलं, तर डॉक्टरांना पुढचं लवकर ठरवता येतं.