भुकेची सीमा कोणी आखावी?

रस्त्यावरील सायकल शर्यतींचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा एक नियम आहे. शर्यतीत उतरणारी सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये. सन २००० पासून हा नियम लागू आहे. आजचे कारखानदार त्याहून हलक्या सायकली सहज घडवू शकतात. परंतु हलकेपणाच्या हव्यासापायी सांगाडा दुबळा राहिला आणि घाटाच्या उतारावर तो मोडला, तर स्वाराच्या जिवावर बेतेल, ही भीती या नियमामागे होती. शर्यतीच्या ठिकाणी अधिकारी सायकली काट्यावर चढवून पाहतात. त्या सायकलीवर बसणाऱ्या माणसाने निदान किती वजनाचे असावे, याविषयी मात्र नियमपुस्तक काहीच म्हणत नाही.

हे मौन आम्हांस विचार करावयास लावते. यंत्राच्या दुबळेपणाची जेवढी काळजी वाहिली जाते तेवढी माणसाच्या दुबळेपणाची का वाहिली जात नाही? प्रश्न युरोपातील मूठभर खेळाडूंचा आहे, आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना त्याचे काय, असे कोणी विचारील. पण प्रायश्चित्तकाळात स्वेच्छेने भुकेले राहण्यास आपण पुण्य मानतो. स्वेच्छेने पत्करलेली भूक केव्हा चांगली आणि केव्हा वाईट, हे ज्यांनी सांगावयास हवे त्यांत आपणही येतो.

प्रथम या हलकेपणाचे गणित समजून घेऊ. ‘टूर द फ्रान्स’ ही पुरुषांची शर्यत १९०३ साली सुरू झाली. तीन आठवडे, एकवीस टप्पे आणि सुमारे ३,४०० किलोमीटर असा तिचा पसारा असतो. सपाट रस्त्यावर मुख्यतः वाऱ्याचा विरोध कापावा लागतो, तेथे धिप्पाड स्वारही मागे पडत नाही. शर्यतीचा निकाल बहुधा लागतो तो आल्प्स व पिरेनीज पर्वतांच्या घाटांत. ‘आल्प द्युएझ’ची चढण १३.८ किलोमीटरची, एकवीस वळणांची. दर शंभर मीटरला रस्ता सरासरी आठ मीटर उंच चढतो. अशा ठिकाणी पायांतील बळाचा बहुतेक भाग पृथ्वीच्या ओढीशी झगडण्यात खर्ची पडतो, आणि स्वाराचे बळ किती यापेक्षा ते बळ दर किलो वजनामागे किती पडते, हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. स्वार आणि सायकल मिळून ७४ किलो धरले, तर अंगावरचा एक किलो उतरवल्याने चाळीस मिनिटांच्या चढणीत वीस-तीस सेकंद वाचतात. १९८९ साली तीन हजारांहून अधिक किलोमीटर धावून झाल्यावर पहिल्या व दुसऱ्या स्वारांत आठ सेकंदांचे अंतर होते. मोह किती बळकट असेल, याची कल्पना यावरून यावी.

ब्रिटनच्या क्रिस फ्रूम याने ही शर्यत चार वेळा जिंकली. त्याची उंची १.८६ मीटर. २००७ साली, तो अनोळखी असताना, एका तपासणीत त्याचे वजन ७५.६ किलो भरले होते. २०१५ च्या विजयानंतर काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत ते ६९.९ किलो भरले आणि शर्यतीच्या दिवसांत ते ६७ च्या आसपास होते, असे सांगण्यात आले. त्याच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची एकूण ताकद २००७ मध्येही जवळपास तेवढीच होती. मधल्या काळात गेली ती चरबी. त्याचाच देशबंधू ब्रॅडली विगिन्स २००८ च्या ऑलिंपिकमध्ये सायकलींच्या धावपट्टीवर सुमारे ८२ किलोचा होता. २०१२ साली ‘टूर’ जिंकला तेव्हा सुमारे सत्तर किलोचा. त्याची उंची १.९० मीटर, हे ध्यानात ठेवावे.

शरीर हा हिशेब मुकाट्याने सोसत नाही. डोंगरी टप्प्याच्या एका दिवसात स्वार पाच-सहा हजार किलोकॅलरी खर्च करतो. खर्च एवढा आणि मिळकत सतत थोडी तोकडी ठेवली की शरीर काटकसर करू लागते, आणि ही काटकसर ते नको तेथे करते: स्त्रियांची मासिक पाळी थांबते, पुरुषांमधील संप्रेरके घटतात, रोगप्रतिकारशक्ती खालावते, मन उदास होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव दिले व ती केवळ स्त्रियांची व्यथा नाही, हेही स्पष्ट केले. सायकलपटूंच्या हाडांची कथा अधिकच विचित्र आहे. चालणाऱ्याच्या किंवा धावणाऱ्याच्या हाडांवर भार पडतो, म्हणून ती बळकट होतात. सायकलपटूचा भार खोगीर वाहते. त्यात उपासमारीची भर पडली की ऐन तारुण्यातील, हृदय व फुप्फुसे असामान्य ताकदीची असलेल्या माणसाच्या कण्याची हाडे विरळ निघतात, असे अनेक तपासण्यांत दिसून आले आहे.

कधी कधी भूक मालकीण होऊन बसते. स्लोव्हेनियाचा यानेझ ब्रायकोविच २०१० साली ‘दोफिने’ ही मोठी डोंगरी शर्यत जिंकला होता. २०१८ च्या तपासणीत त्याच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले व त्याच्यावर दहा महिन्यांची बंदी आली. तेव्हा त्याने उघडपणे सांगितले की, आपण वर्षानुवर्षे खाणे आणि ओकणे यांच्या चक्रात सापडलो होतो. पोटात अन्न टिकत नव्हते म्हणून घेतलेल्या भुकटीतून ते द्रव्य आले. अमेरिकेच्या मारा ॲबटने २०१० मध्ये इटलीची स्त्रियांची महाशर्यत जिंकली आणि पुढे आहारविकारामुळे सायकल बाजूला ठेवली. बरी होऊन ती परतली आणि २०१३ मध्ये तीच शर्यत पुन्हा जिंकली. रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम रेषा दीडदोनशे मीटरवर असताना तिला मागून गाठले गेले आणि ती चौथी आली. तिच्या परतण्याविषयी वाचताना आम्हांस त्या हुकलेल्या पदकाची हळहळ फारशी वाटली नाही, हे सांगावयास हरकत नाही.

परंतु आजारी माणसांची उदाहरणे देऊन प्रश्न सोडवणे सोपे असते. कठीण उदाहरण २०२५ चे आहे. फ्रान्सची पोलिन फेराँ-प्रेव्हो हिने त्या वर्षी एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे ही खडबडीत दगडी रस्त्यांची शर्यत जिंकली आणि ऑगस्टमध्ये स्त्रियांची ‘टूर द फ्रान्स’ही जिंकली. मधल्या काळात तिने सुमारे चार किलो वजन उतरवले होते. तिची कृशता पाहून टीका झाली, तेव्हा तिने काहीही लपवले नाही. हे संघाबरोबर आखून केले. दीर्घकाळ असे राहणे पूर्णपणे आरोग्याचे नाही हे आपण जाणतो. आपल्याला असे राहावयाचेही नाही, असा तिच्या सांगण्याचा आशय होता. येथे फसवणूक नाही, जबरदस्ती नाही, भ्रमही नाही. तेहतीस वर्षांची, ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेली, अनुभवी स्त्री आपल्या देहाबद्दल निर्णय घेते, ठरल्या दिवसांपुरता तो पाळते आणि जिंकते. तिला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

देह आपला नाही, तो देवाने सांभाळावयास दिलेला आहे, हे आपले उत्तर तयार असते. ते खरेच आहे. पण त्याने काम भागत नाही. ख्रिस्तसभेने देह जपून ठेवणाऱ्यांना संत केलेले नाही. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता स्वतः कुष्ठरोगी होऊन १८८९ साली मरण पावलेल्या फादर डेमियन यांना २००९ मध्ये संतपद दिले गेले. त्यांनी देह उधळलाच. संत पौलही करिंथकरांना लिहिताना स्पर्धेतील धावपटूंचा दाखला देतो आणि त्यांचा संयम गौरवितो. खेळाविषयी ख्रिस्तसभेला आकस नाही. इटलीतील कोमो सरोवराजवळच्या घिसालो येथील मरियामातेला पोप बारावे पायस यांनी १९४९ साली सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले, आणि १९९५ च्या ‘टूर’मध्ये घाटाच्या उतारावर मृत्यू पावलेल्या फाबियो कासार्तेल्ली या तरुणाची सायकल त्या चॅपेलात ठेवलेली आहे. १९९२ चा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ इशारा देतो तो शरीराच्या उपासनेविरुद्ध, शारीरिक पूर्णत्व व खेळातील यश यांची मूर्ती मांडून तिच्यापुढे सारे काही वाहण्याविरुद्ध. तेव्हा देह खर्चावा की नाही, हा वाद नाही. कशासाठी खर्चावा, आणि पुरे झाले हे कोणी म्हणावे, हा आहे.

यातील पहिला भाग लोक लवकर निकालात काढतात: संतांची भूक देवासाठी, स्वाराची भूक चषकासाठी, म्हणून पहिली पवित्र आणि दुसरी व्यर्थ. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. सिएनाची संत कॅथरीन देवासाठीच उपाशी राहिली. तिच्या वरिष्ठांनी तिला खाण्याची आज्ञा दिली, तिने प्रयत्न केला, पण अन्न पोटात राहीना. १३८० साली तेहतिसाव्या वर्षी ती निवर्तली. तिच्या संतत्वाविषयी शंका नाही. १९७० मध्ये तिला ख्रिस्तसभेची आचार्य ही पदवीही दिली गेली. पण हेतू पवित्र असला म्हणून भूक आपोआप ताब्यात राहते असे नव्हे, हे तिच्या चरित्रातून नाकारता येत नाही.

संत इग्नाती लोयोला यांनी हे स्वतःच्या देहावर शिकून घेतले होते. मनरेसा येथे १५२२ साली त्यांनी केलेल्या कठोर उपवासांनी त्यांची प्रकृती कायमची खालावली. पुढे येशूसंघाचे प्रमुख झाल्यावर, १५४८ साली, त्यांनी गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहिले. बोर्जा उपवासांनी देह कृश करीत होते. इग्नातींनी त्यांना उपवास कमी करून पोट सुधारावयास सांगितले. आत्म्याप्रमाणे देहही निर्मात्याचाच असल्याने त्याचाही हिशेब द्यावा लागेल, असे बजावले. बोर्जा पुढे स्वतः येशूसंघाचे प्रमुख झाले आणि संतही.

या पत्रातील उपदेशापेक्षा पत्र लिहिणाऱ्याचे स्थान आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. बोर्जांच्या भुकेतून इग्नातींना काही मिळवावयाचे नव्हते. म्हणून त्यांच्या ‘खा’ या शब्दाला वजन होते. ख्रिस्तसभेने उपवास असाच कुंपणात ठेवला आहे: बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते आणि साठाव्या वर्षात पदार्पण करताच संपते, सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार, आजाऱ्यास सूट. उपाशी राहणाऱ्याने स्वतःच्या भुकेचा एकटा न्यायाधीश होऊ नये, हे शहाणपण त्यामागे आहे.

सायकलपटूला ‘खा’ असे कोण सांगणार? त्याचा प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, डॉक्टर हे सारे संघाचे पगारी. संघ चालतो प्रायोजकाच्या पैशावर. प्रायोजकाला विजय हवा. यांत दुष्ट कोणीच नसेल. अलीकडे संघांचे आहारतज्ज्ञ शर्यतीत स्वारांना पूर्वीपेक्षा बरेच अधिक खाऊ घालतात, हेही मान्य केले पाहिजे. तरीपण ज्याने थांबवावयाचे त्याचेच हित न थांबण्यात गुंतलेले असते. आणि हा भार सर्वांत जास्त पडतो तो ज्यांची नावे आपण कधी ऐकत नाही अशांवर. संघात आठ स्वार असतात. त्यांतील बहुतेकांनी जिंकावयाचे नसते. नेत्याला वाऱ्यापासून आडोसा द्यावयाचा, त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणावयाच्या, चढणीवर दम संपेपर्यंत त्याला ओढून न्यावयाचे. फ्रेंच भाषेत त्यांना घरगड्याचेच नाव आहे. चढणीवर नेत्याच्या सोबत राहावयाचे तर त्यालाही कृश व्हावेच लागते. न झाल्यास पुढील वर्षाचा करार धोक्यात येतो. विजेत्याची संमती तिच्या स्वतःपुरती खरी असेल. पण तिच्या विजयाने मागच्या शंभर जणींना काय करावे लागेल हे ठरते आणि त्यांची संमती कोणी विचारीत नाही. २०२५ मध्ये दुसरी आलेल्या नेदरलँड्सच्या डेमी व्होलेरिंगने आपण अतिकृशतेच्या मार्गाने जाऊ इच्छीत नाही, असे जाहीरपणे लिहिले. २०२३ साली हीच शर्यत जिंकलेली ती स्त्री असे लिहू शकते. नवख्या मुलीला ते परवडेल का?

म्हणून आम्ही फेराँ-प्रेव्होला दोष देत नाही, आणि तिचा निर्णय हा केवळ तिचा प्रश्न होता असेही मानीत नाही. सीमा एकेका खेळाडूच्या विवेकावर सोडली की सर्वांत कमी जपणारा माणूस ती इतरांसाठी ठरवतो. ती खेळानेच आखावयास हवी.

हे अशक्य नाही, हे दुसऱ्या एका खेळाने दाखवून दिले आहे. स्कीवरून उंच उडी घेणाऱ्यांत हलका माणूस दूर तरंगतो. तेथेही खेळाडू अस्थिपंजर होऊ लागले होते. २००४ साली त्या खेळाच्या संघटनेने नियम केला की, उंचीच्या मानाने वजन ठराविक मर्यादेखाली गेलेल्याने आखूड स्की वापराव्यात. आखूड स्कीवर तरंगणे कमी होते. उपाशी राहण्याची बंदी नाही, पण त्यातला लाभ काढून घेतला. काही उडीपटू त्या मर्यादेच्या अगदी काठावर राहतात ही गोष्ट वेगळी. सायकलीच्या बाबतीत उंची-वजनाचे साधे प्रमाण पुरेसे होणार नाही, कारण काही स्वार जन्मतःच सडपातळ असतात आणि निरोगीही असतात. त्यापेक्षा हंगामाच्या आरंभी हाडांची घनता व संप्रेरके तपासावीत, स्त्रियांच्या पाळीची विचारपूस व्हावी, आणि निकाल वाईट आल्यास स्वाराने बरे होईपर्यंत शर्यतीबाहेर राहावे. ही तपासणी संघाच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने करावी, आणि बाहेर राहिलेल्या घरगड्याचा पगार त्या काळात चालू राहावा.