उशीखालची चपाती

बालगृहात नव्याने दाखल झालेले मूल पोटभर जेवूनही एखादी चपाती उशीखाली दडवून ठेवते. तिला बुरशी धरते, मुंग्या लागतात, आणि विचारणा झाली की मूल सरळ 'मी नाही' म्हणते. त्याला चोर म्हणावे काय? खोटारडे म्हणावे काय? तसे न म्हणता सोडून दिले, तर इतर मुलांनी त्यातून काय शिकावे? ही चिंता केवळ वसतिगृहाच्या अधीक्षकांची आहे असे कोणी समजू नये. दिवंगत भावाचे वा बहिणीचे मूल आपल्या घरात वाढवणारी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात आहेत.

दुसऱ्याची वस्तू त्याच्या इच्छेविरुद्ध घेणे म्हणजे चोरी, अशी व्याख्या आम्ही सेमिनरीत शिकलो. व्याख्या अचूक आहे. पण या मुलाने घेतलेली चपाती त्याच्याच ताटातली होती. ती त्याने उद्यासाठी ठेवली, कारण पूर्वी कधीतरी त्याचा 'उद्या' उपाशी गेला होता. आता स्वयंपाकघर भरलेले आहे हे त्याच्या बुद्धीला कळते, परंतु शरीराची खात्री पटलेली नसते. मोठ्याने हाक मारली, दार आपटले, कोणी मागून हात लावला की असे मूल क्षणात अंगावर धावून येते, पळून जाते किंवा दगडासारखे गप्प होते. भय जागे झाले की विवेक मागे पडतो, हे मोठ्यांच्याही बाबतीत खरे आहे. मुलाचा विवेक तर अजून घडायचा असतो. 'मी नाही' हे त्याचे उत्तर पुष्कळदा फसवण्यासाठी नसून केवळ मार चुकवण्यासाठी असते.

1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 1735व्या परिच्छेदात भय, सवय आणि अन्य मानसिक वा सामाजिक कारणांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होऊ शकते, असे मान्य केले आहे. मोठ्यांच्या पापनिवेदनाच्या वेळी आम्ही धर्मगुरू हे ध्यानात ठेवतो. मग बालकाच्या वेळीच छडी का आठवावी?

'म्हणजे काहीही चालवून घ्यायचे?' असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ज्याला मार बसतो ते दुसरे मूलही कुठूनतरी भय घेऊनच आलेले असते. त्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. हात उगारणाऱ्या मुलाचा हात धरावा, त्याला बाजूला न्यावे. मात्र मूल थरथरत असता त्याला उपदेश करून काही साधत नाही. आधी त्याला शांत होऊ द्यावे, शेजारी बसून राहावे. मोडलेले काय ते दुरुस्त कसे करायचे, हे बोलणे नंतर. चपातीचे म्हणाल, तर त्या मुलाला झाकणाचा एक डबा द्यावा, रोज रात्री त्यात चार बिस्किटे घालावीत आणि सकाळची न्याहारी किती वाजता ते सांगून ठेवावे. जेवण बंद ही शिक्षा कदापि नसावी. 'परत पाठवून देईन' हे शब्दही नसावेत. एकदा पाठवल्या गेलेल्या मुलाला ते पोकळ धमकीसारखे वाटत नाहीत. 2015च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 82 नुसार तर बालगृहात शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा करणे हा गुन्हाच आहे.

परंतु वीस-पंचवीस मुलांमागे एकच थकलेली काळजीवाहू बाई असेल, तर हे सारे तिने कोणत्या बळावर करावे? येथे दोष तिच्या पदरी टाकून व्यवस्थापकांनी व देणगीदारांनी मोकळे होऊ नये. रुमानियातील बुखारेस्ट येथे 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना पालककुटुंबांत ठेवण्यात आले. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा त्यांची बौद्धिक वाढ चांगली झाली, आणि जी लवकर गेली त्यांना अधिक लाभ झाला. इमारत बांधून देणे आपल्याला सोपे जाते. आपल्या कायद्यातही संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे आणि पालककुटुंबाची सोय आहे. तिची वाट मात्र कमीच घरे धरतात.

आणखी एक गोष्ट, जी कित्येकांना रुचणार नाही. वाढदिवसाला किंवा नाताळला केक घेऊन बालगृहात जायचे, मुलांना कडेवर घ्यायचे, छायाचित्रे काढायची आणि पुन्हा फिरकायचे नाही, ही रीत आपल्यात फार रुजली आहे. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण ज्याला अनेकजण सोडून गेले, त्याच्या यादीत आपण आणखी एका नावाची भर घालतो. जायचेच असेल तर महिन्याच्या एका ठरावीक रविवारी जावे, दरवेळी त्याच माणसांनी जावे, आणि एखाद्या रविवारी जमणार नसेल तर तसे मुलांना आधी कळवावे.