अंतर राखणें व प्रीति

रोग्यापासून दूर राहणें ख्रिस्ती प्रीतीला शोभतें काय, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांस नवा नाहीं. प्रभूनें कुष्ठरोग्याला हात लावून बरें केलें. मग त्याच्या शिष्यांनीं अंतर कां राखावें? आजच्या एका उपचारानें या प्रश्नाला नवें रूप आलें आहे.

गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि आयोडीन ओढून घेते. हा गुण ओळखून १९४१ सालीं बोस्टन येथें डॉ. सॉल हर्ट्झ यांनीं रोग्यास किरणोत्सर्गी आयोडीन दिलें. आज त्या ग्रंथीच्या कर्करोगावरही हा उपचार करितात. परंतु पुढें कांहीं दिवस रोग्याच्या देहांतून किरण निघत राहतात. मूत्र, घाम व लाळ यांतूनही औषध बाहेर येतें. म्हणून मोठी मात्रा घेतलेल्यास वेगळ्या खोलींत ठेवितात, आणि घरीं गेल्यावर लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांपासून कांहीं दिवस दूर राहण्यास सांगतात.

ही शिवाशिव नव्हे. शिवाशिवीला ना माप, ना शेवट. तिचा चटका आमच्या वडीलधाऱ्यांनीं सोसला आहे. या अंतराला मापही आहे व मुदतही आहे. दर आठ दिवसांनीं त्या औषधाचें बळ आपोआप निम्में होतें. अंतर दुप्पट केलें कीं किरणांचा मारा सुमारें चौथाईवर येतो. शिवाशिव दुसऱ्याला हीन लेखते. हें अंतर दुसऱ्याला जपतें.

त्या खोलींत जाणारी परिचारिका व झाडलोट करणारा सेवक हेही आपले शेजारीच होत. किरण दिसत नाहींत, त्यांना वास नाहीं. म्हणून हयगयीचें फळ त्याच दिवशीं कळत नाहीं. यास्तव भारतांत सामान्य माणसास वर्षाला १ मिलिसिव्हर्ट व अशा कामकऱ्यास पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षाला २० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. काम लवकर उरकावें, अंतर राखावें, शिशाचा आडोसा घ्यावा, व छातीवरच्या बिल्ल्यानें हिशेब ठेवावा. जो अधिकारी घाईपायीं तो बिल्ला पेटींत पडूं देतो, तो गरिबाच्या देहावर न दिसणारें कर्ज चढवितो.

तेव्हां आमचें उत्तर असें: अंतर किती, यावरून प्रीति ठरत नाहीं, तें कोणाच्या हितासाठीं राखलें, यावरून ठरते. लेंकरापासून स्वतः दूर बसणारी आई कठोर नसते. अशी भगिनी गांवीं परतली, तर मंडळीनें तिचीं मुलें तितके दिवस सांभाळावीं, दारापासून तिची विचारपूस करावी. आणि मुदत सरतांच तिच्या शेजारीं बसून तिच्या हातचें जेवावें. हें शेवटचें जर राहिलें, तर पहिलें अंतर प्रीतीचें होतें असें कोण म्हणेल?