न हसता बोललेलं वाक्य

डबिंगच्या कामात मुरलेल्या एका गृहस्थांनी परवा बोलता बोलता सांगितलं, की इंग्रजी सिनेमातला मरणावरचा विनोद मराठीत जसाच्या तसा चालत नाही. आपल्या प्रेक्षकाला मृत्यूवर हसायची सवय नाही, तेव्हा दोन चटकदार शब्द पदरचे घालावेच लागतात. हे बोलणं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बिघाड होतो तो नेमका त्या पदरच्या शब्दांनी, असं माझं मत आहे.

सबटायटलला जेमतेम दोन ओळी मिळतात, डबिंगमध्ये ओठांशी जुळवून घ्यावं लागतं, श्लेष उतरत नाहीत, हे सगळं जगजाहीर आहे. ते सोडून देऊ. माझ्या लेखी खरा प्रश्न एकच: आपण विनोद करतोय, हे त्या पात्राला माहीत आहे का?

स्टॅन्ली कुब्रिकचा १९६४चा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ घ्या. एका माथेफिरू जनरलनं रशियावर अणुबाँब टाकायला विमानं धाडली आहेत आणि ती परत कशी बोलवायची या विवंचनेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बसलेत. तिथं एक जनरल आणि रशियाचा राजदूत हातघाईवर येतात. राष्ट्राध्यक्ष दटावतात, की इथं मारामारी करायची नाही, ही वॉर रूम आहे. त्यांना मनापासून राग आलेला आहे. त्यांच्या आवाजात मिस्कीलपणाचा थेंब जरी पडला, तरी सगळं संपलं.

याहून अवघड जागा विमानात आहे. मेजर काँग सहकाऱ्यांना आणीबाणीच्या सामानाची यादी वाचून दाखवतो. पिस्तूल, काडतुसं, मॉर्फिन, रशियन वाक्यं आणि बायबल एकत्र असलेलं चिमुकलं पुस्तक, शंभर डॉलरचे रूबल, च्युइंगगमची नऊ पाकिटं, लिपस्टिक, नायलॉनचे मोजे. मराठीत हे गोदामातल्या कारकुनाच्या सुरात यायला हवं: ‘लिपस्टिक, नग तीन. नायलॉन मोजे, जोड तीन.’ इथं लिपस्टिकला एखादं खट्याळ विशेषण चिकटवलं की काँग गमत्या ठरतो. मग ज्या कचेरीत कुणीतरी शांतपणे बसून, जग जळाल्यावर मोजे किती जोड लागतील याचा हिशोब केला, ती कचेरी दिसेनाशी होते. अंगावर काटा आणणारी गोष्ट तर तीच आहे.

यादी संपल्यावर काँग म्हणतो, एवढ्या सामानावर व्हेगासमध्ये शनिवार-रविवार मजेत जाईल. चित्रीकरणाच्या वेळी तो ‘डॅलस’ म्हणाला होता. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्येच केनेडींची हत्या झाली आणि मागाहून आवाजात ‘व्हेगास’ भरण्यात आलं. ओठ निरखून पाहिले तर ‘डॅलस’ अजून ओळखू येतं. म्हणजे खुद्द इंग्रजीतही इथं डबिंग झालेलं आहे! जगाच्या संहारावर हसवणाऱ्या सिनेमाला एका शहराचं नाव मात्र उच्चारवेना. हा बदल विनोद खुलवण्यासाठी झाला नव्हता. शोक कुठं ताजा आहे ते ओळखून झाला होता, आणि असल्या संवादांना हात घालणाऱ्या अनुवादकाला सगळ्यात आधी तेवढं ओळखता आलं पाहिजे.

राहता राहिली आपल्या प्रेक्षकाची सवय. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात मेलेले भाऊराव स्वतः उभे राहून कीर्तन करतात. मराठी माणसाला मरणावर हसता येत नाही, या म्हणण्यावर याहून जास्त शब्द खर्चायची मला गरज वाटत नाही.

तरीही कोएन बंधूंच्या ‘फार्गो’पाशी (१९९६) मी अडतो. मिनेसोटातल्या बर्फात तीन खून पडलेत. पोलीसप्रमुख मार्ज गरोदर आहे. मारल्या गेलेल्या पोलिसाच्या वहीतलं ‘डीएलआर’ म्हणजे गाडीच्या नंबरातली अक्षरं, असं समजून तिचा सहकारी लू शोध घेत बसलाय. खरं तर ती डीलरची पाटी. मार्ज त्याला म्हणते, की तुझ्या तपासाशी मी अगदी शंभर टक्के सहमत आहे असं नाही. हे मराठीत शब्दाला शब्द ठेवून पाहा. बाई टोमणा मारतायत असंच ऐकू येतं. आपल्याकडे वरिष्ठ इतके मऊ बोलू लागले की ते खोचक असतात, पुण्यात तर हमखास. मार्जच्या मनात मात्र खोच नाही. लू खजील झालाय हे पाहून ती लगेच त्याला नंबरप्लेटवरचा एक विनोद सांगते. मागं तीन प्रेतं आणि गाडीत एवढा जिव्हाळा, यातच त्या प्रसंगाचं काळेपण आहे.

तेव्हा इथं शब्द बदलावेच लागतील. ‘बघ हं लू, मला जरा वेगळं वाटतंय’ असं काहीतरी. आणि तो विनोद तर मार्ज जाणूनबुजून करते, तिथं खुशाल मोकळीक घ्यावी. आरटीओत चॉइस नंबरसाठी पैसे मोजणारे, ४१४१ला ‘दादा’चा आकार देणारे आपल्याकडे आहेतच. ‘चॉइस नंबर परवडेना, म्हणून एकानं स्वतःचं नाव बदलून गाडीचा नंबर हेच नाव ठेवलं’ म्हटलं की पुरे. म्हणजे पदरचे शब्द घालावे लागतात, हे मलाही मान्य करावं लागतंय. पण ते हशा वाढवायला नव्हे, पात्राचा प्रामाणिकपणा टिकवायला. त्यापायी एखाद्या ठिकाणी थिएटर हसलं नाही तरी मला चालेल.

काँगचं काम करणाऱ्या स्लिम पिकन्सला हा विनोदी सिनेमा आहे हे कुब्रिकनं सांगितलंच नव्हतं, असं म्हणतात. मराठीत त्याला आवाज देणाऱ्या नटालाही आधी सिनेमा दाखवू नये, नुसती यादी हातात द्यावी.