बसच्या फेऱ्या आणि न्यायाचा प्रश्न

सार्वजनिक वाहतुकीचे नियोजन हा अभियंत्यांचा आणि हिशेबनिसांचा विषय मानला जातो. परंतु बसचा मार्ग नकाशावर आखला जातो तेव्हा कोणाची गरज आधी भागवायची याचाही निवाडा होत असतो, आणि तो न्यायविचाराच्या कक्षेत येतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराच्या ईशान्येस वसलेली ग्विनेट काउंटी (काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्याशी ताडून पाहता येईल असा स्थानिक शासनाचा घटक) या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांहून अधिक वस्ती असलेल्या या काउंटीत महानगर रेल्वेचे एकही स्थानक नाही. ‘मार्टा’ या अटलांटाच्या वाहतूक संस्थेची रेल्वे शेजारच्या काउंटीतील डोराव्हिल येथे संपते आणि पुढचा प्रवास बसने करावा लागतो. मार्टात सामील होण्याचे किंवा वाहतुकीसाठी विक्रीकर वाढवण्याचे प्रस्ताव येथील मतदारांनी १९७१, १९९०, २०१९, २०२० आणि २०२४ या वर्षांत फेटाळले. पहिल्या नकारामागे वंशभेदाच्या भावनेचा मोठा वाटा होता. पुढच्या नकारांची कारणे अधिक मिश्र आहेत.

मूळ पेच वाहतूक नियोजक जॅरेट वॉकर यांनी नेमका मांडला आहे. त्यांच्या मते मर्यादित पैशात ‘प्रवासीसंख्या’, म्हणजे अधिकाधिक लोकांनी बस वापरणे, आणि ‘व्याप्ती’, म्हणजे अधिकाधिक वस्त्यांपर्यंत बस पोहोचणे, ही दोन उद्दिष्टे एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत. समजा, सहा बस आहेत आणि प्रत्येक मार्गावर जाऊन परत यायला एक तास लागतो; त्या एकाच गजबजलेल्या रस्त्यावर सोडल्या तर दर दहा मिनिटांनी बस मिळते, पण सहा रस्त्यांवर वाटल्या तर प्रत्येक थांब्यावर ती तासातून एकदाच येते. शिवाय ज्याला वाटेत एक बस सोडून दुसरी धरायची असते त्याची पहिली बस पाच मिनिटे उशिरा आली, तर दुसऱ्या थांब्यावर, अनेकदा पदपथ नसलेल्या रुंद महामार्गाच्या कडेला, त्याचा जवळजवळ एक तास जातो.

अधिकांचे अधिक सुख हा उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ बेंथमचा निकष लावला, तर सहाही बस एकाच रस्त्यावर धावायला हव्यात. ग्विनेटच्या पहिल्या नकाराच्याच वर्षी, १९७१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी या निकषाला विरोध केला. समाजात आपले स्थान काय असेल हे ठाऊक नसताना माणसे जे नियम मान्य करतील तेच न्याय्य, आणि विषमता राहायचीच असेल तर ती सर्वांत दुर्बळ स्थितीतील व्यक्तीच्या हिताची ठरली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. येथे हे अज्ञान केवळ कल्पनेतले नाही, कारण गाडी चालवणारा प्रत्येक मतदार कधीकाळी गाडी चालवू न शकणारे मूल होता आणि बहुधा तसाच वृद्धही होणार आहे. अमर्त्य सेन यांनी त्यापुढे जाऊन, साधन मिळाले म्हणजे क्षमता मिळाली असे नव्हे, हे सायकलच्या उदाहरणाने स्पष्ट केले: अपंगत्वामुळे जो सायकल चालवू शकत नाही त्याच्या दारात ती उभी असली तरी त्याची फिरण्याची क्षमता वाढत नाही.

अपंगांच्या हक्कांसाठी १९९० मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्याने हा विचार काही अंशी अमलात आणला. ज्यांना अपंगत्वामुळे नेहमीची बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी ठरलेल्या बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटरपर्यंत, पूर्वनोंदणीने येणारे वाहन पुरवणे त्याने बंधनकारक केले. मात्र हा हक्क माणसाला चिकटलेला नसून मार्गाला चिकटलेला आहे. प्रवासी कमी म्हणून एखादा मार्ग बंद केला, की त्याच्या कडेला राहणाऱ्या अंध व्यक्तीचा हक्कही त्याच दिवशी संपू शकतो, आणि ज्या हिशेबाने मार्ग बंद होतो त्यात तिची नोंदही नसते. म्हणून किमान व्याप्ती ही प्रवासीसंख्येशी स्पर्धा करणारी बाब मानणेच चूक आहे. ते समाजाचे देणे आहे, ते आधी बाजूला काढावे आणि उरलेल्या पैशात भरपूर फेऱ्यांचे मोजके मार्ग चालवावेत. मागणीनुसार दाराशी येणाऱ्या लहान गाड्या विरळ वस्तीत हे देणे फेडू शकतात; परंतु एक चालक तासाभरात मोजक्याच लोकांना पोहोचवत असल्याने, मागणी वाढली की खर्चही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्यांना बसचा पर्याय समजू नये.

वाहतुकीसाठी कर वाढवण्याच्या विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. २०२४ चा प्रस्ताव तीस वर्षांसाठी एक टक्का विक्रीकराचा होता, आणि विक्रीकर गरिबाच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा नेतो, म्हणजे ज्याच्यासाठी बस हवी त्याच्यावरच तिचा भार तुलनेने अधिक पडतो. जॉर्जियाच्या राज्यघटनेने इंधनकराचे उत्पन्न रस्ते आणि पूल यांच्यासाठी राखून ठेवल्यामुळे स्थानिक शासनापुढे पर्याय थोडेच उरतात. या आक्षेपाचे उत्तर बस नाकारणे हे नव्हे, कारण बस नसलेल्या गरिबाला गाडीचे हप्ते, विमा आणि इंधन यांचा जो भार उचलावा लागतो तो या करापेक्षा कितीतरी जड असतो. घटनेतील ती तरतूद बदलणे हेच त्याचे उत्तर आहे, आणि ते काउंटीच्या मतपेटीतून नव्हे, तर राज्याच्या विधिमंडळातून आणि राज्यभरच्या मतदारांकडूनच मिळू शकते.