घरची शाळा कुणासाठी?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं म्हणणाऱ्या तरुण आया आता आपल्या बेळगाव भागातही भेटतात. "काकू, मॉन्टेसरी घेऊ की शार्लट मेसन?" असं त्या विचारतात, इरकल घेऊ की पैठणी अशा सुरात. मी आधी एवढंच विचारते, घरी शिकवावं असं वाटलं कशामुळे?

कुणी म्हणतं, शाळेत काय काय खातात! कर्नाटकातल्या सरकारी शाळांत अंडं द्यायला लागले तेव्हा आपल्या लोकांत केवढी घालमेल झाली होती. पण न खाणाऱ्या मुलांना केळं मिळतं. शेजारच्याच्या डब्यात अंडं दिसलं म्हणून आपलं व्रत मोडत नाही. उलट चार घरच्या मुलांत बसून, कुणाला हिणवून न बोलता, आपलं न खाणं सांभाळता येणं ही मला तरी मोठी शिकवण वाटते. ती घरात बसून कशी मिळणार? भीतीपोटी मूल घरी ठेवायचं असेल तर पद्धतीची चर्चाच नको.

माझ्या नात्यातल्या एका सुनेचं कारण वेगळं होतं. तिची पाच वर्षांची मुलगी वर्गातल्या गलक्यात कानावर हात ठेवून बसायची आणि घरी आली की तासभर डाळी निवडत, रंगाप्रमाणे वाट्यांत लावत राहायची. इथं मूल स्वतःच काहीतरी सांगत होतं. अशा पोरीला मॉन्टेसरीची रीत मानवते : हातानं करायचं, एकटीनं, मध्ये कुणी टोकायचं नाही. त्यासाठी परदेशी लाकडी साहित्य मागवायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डीला शिंपले, बिया, खडे यांतून मुलांना शिकवलं होतंच की.

धाकटा मात्र गोष्टीवेल्हाळ. त्याला शार्लट मेसनबाईंचं जमेल. धडा पंधरा-वीस मिनिटांचा, चांगलं पुस्तक वाचून दाखवायचं आणि मग त्यानं आपल्या शब्दांत सांगायचं. पण पुस्तक कुठल्या भाषेतलं? घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि विकत आणलेला अभ्यासक्रम अमेरिकन इंग्रजीतला! आई ज्या भाषेत हसते-रागावते त्याच भाषेत वाचावं, असं माझं मत. इंग्रजी काय, मागून येतंच. जॉन होल्टचं 'अनस्कूलिंग', म्हणजे मुलाच्या कुतूहलामागून जायचं, ऐकायला गोड आहे. पण आठ माणसांच्या घरात, स्वयंपाक आणि पाहुणे सांभाळत, मुलाच्या प्रत्येक 'का'मागे धावायला रिकामं कोण असतं?

आदिनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. घर एकच, तरी दोघींना दिलेली विद्या वेगळी, एवढं आपण आवर्जून सांगतो. शिकवणारे वडील होते, हे मात्र सोयीनं विसरतो. आपल्याकडे 'घरी शिकवू' असं बाप ठरवतो आणि 'तू बघ' म्हणून दुकानावर जातो. मग त्या बाईची नोकरी, तिची दुपार, तिचं बस्तीत जाणं, सगळं त्यात जातं, आणि याला कुणी खर्च म्हणत नाही. मुलाचं हित बघताना आईच्या आयुष्याला किती हात लावावा, हा प्रश्न मला पद्धतीच्या निवडीपेक्षा अवघड वाटतो. घरातल्या इतरांनी कोणता वेळ देणार ते आधी बोलून दाखवावं, मग पद्धत निवडावी.

घाई तर मुळीच नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातली सक्ती 6 ते 14 वयाची. त्यात घरच्या शिक्षणाचं नावही नाही आणि पालकांना शिक्षाही नाही. पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. पाच वर्षांच्या पोरीसाठी एखादं वर्ष करून बघावं, नाही मानवलं तर बदलावं, त्यात नाक कापलं जात नाही.

त्या सुनेनं तसंच केलंय. सकाळी दोन तास ती शिकवते. हिशेब आजोबांकडे : दुकानातली वजनं, मापं, सुटे पैसे. संध्याकाळी मुलगी गल्लीतल्या पोरांत कन्नडमधून भांडत असते. यंदा जूनमध्ये शाळेचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.